एका इलेक्ट्रॉनच्या येरझारा

अड्याळच्या कनिष्ठ महाविद्यालयात रुपा कापगते अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी अकरावीचा तास चालू होता आणि फळ्यावर ऑक्सिजनचा रेणू होता. डावीकडे ठिपक्यांची साधी रचना, दोन अणू, मध्ये दुहेरी बंध, सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसलेले. उजवीकडे ऑर्बिटलची शिडी.

"डावीकडचं चित्र खरं मानलं तर द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जायला नको," ती सांगत होती. "पण तो ओढला जातो. म्हणजे चित्रात काहीतरी कमी आहे. उजवीकडे बघा. इलेक्ट्रॉन असलेल्या सगळ्यात वरच्या दोन ऑर्बिटलमध्ये एकेकच इलेक्ट्रॉन बसलाय. दोन्हीकडे एकेक जागा मोकळी. कुठून सुटा इलेक्ट्रॉन मिळाला की ऑक्सिजन तो घ्यायला तयारच असतो."

टेबलावरचा फोन दोनदा थरथरला. वीरेंद्रचा होता. तिचा मोठा भाऊ तासाच्या वेळेला कधी फोन करत नसे. तास संपल्यावर व्हरांड्यात येऊन तिनं त्याला फोन लावला.

"काही नाही वं," तो म्हणाला. "तोंड आलं हाय. जीभ पांढरी झाली, गिळताना दुखते. कोणती गोळी घ्याची तेवढं सांग."

"गरम काही खाल्लं का?"

"काल शेताच्या धुऱ्यावर गवत मारायचं औषध फवारून राहिलो होतो. तहान लागली. झाडाखाली कोल्ड्रिंकची बाटली होती. मले वाटलं डिंपलनं सरबत भरून देलं. तोंडात घेतल्याबरोबर समजलं. थुकलं मी. चुळा भरल्या. गेला असन पोटात एखादा घोट."

"काल? अन् आज सांगून राहिला?"

"काही झालंच नाही ना पण. संध्याकाळी मस्त जेवलो."

"दादा, त्या कॅनचा फोटो पाठव. मागच्या बाजूचा. आता, लगेच."

फोटो आला. तिनं तो बोटांनी मोठा केला. छापील इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पॅराक्वॅट डायक्लोराइड. रुपा तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. शिपाई लक्ष्मणराव जवळून जाताना विचारून गेले, "मॅडम, चक्कर येऊन राहिली का?" तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, तिलाच कळलं नाही.

तिचं माहेर अड्याळपासून आठ किलोमीटरवर. गावाला मोठा तलाव आणि तलावाखाली बापाची सहा एकर धानाची शेती. वीरेंद्र बारावीपर्यंत शिकला आणि वडिलांच्या हाताखाली शेतीत राहिला. रुपानं मात्र नागपूरला राहून एमएस्सी केलं. पहिल्या वर्षीची तिची खोली वीरेंद्रनंच शोधून दिली होती आणि गादी, बादली, स्टोव्ह हे सगळं एसटीच्या टपावर टाकून त्यानंच नेऊन पोचवलं होतं.

तिचा नवरा योगेंद्र यानं गाडी काढली. माहेरच्या अंगणात वीरेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, जणू कुठं पाहुणपणाला निघालाय. त्याची बायको डिंपल पिशवी भरत होती. वडील तुलाराम आधीच गाडीत जाऊन बसले होते आणि कुणाशी बोलत नव्हते. आई धुरपता पाच वर्षांच्या नातीला घेऊन ओट्यावर थांबली. "दोन दिवसांत येजो," ती म्हणाली. "हलका धान कापाले आला हाय."

भंडाऱ्याच्या वाटेवर योगेंद्र एके ठिकाणी गाडीत हवा भरायला थांबला. तुलारामही पाय मोकळे करायला उतरले. तेव्हा वीरेंद्र रुपाला हळूच म्हणाला, "बाटली बाबानं भरली होती. शेजारच्या ताराचंदले थोडंसं औषध पाहिजे होतं, त्याच्यासाठी. मले सांगाचं राहून गेलं त्यायच्यानं. तू काही बोलू नोको."

सरकारी दवाखान्यात डॉ. शेंडे नावाचे तरुण डॉक्टर ड्युटीवर होते. विषाचा मामला म्हणून पोलिस शिपाई जबाब घ्यायला आला. बाटलीत औषध कुणी भरलं, असं त्यानं विचारलं.

"मीच भरलं, साहेब," वीरेंद्र म्हणाला. "शेजारच्याले द्यायचं होतं. अन् मीच भुललो."

तुलाराम दाराशी उभे होते. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पुढं येऊन काही बोलावं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. पण शिपायानं कागद फिरवून वीरेंद्रची सही घेतली आणि तो निघून गेला.

डॉक्टरांनी रुपाला बाजूला घेतलं. "तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात ना? एक तपासणी करतोय. बघायची तर बघा."

एका परीक्षानळीत वीरेंद्रची लघवी होती. डॉक्टरांनी आधी तिच्यात अल्कली घातलं आणि मग चिमूटभर पांढरी पूड टाकली. ती डायथायोनाइटची होती. रुपानं डबीवरचं नाव वाचलं आणि पुढं काय होणार ते तिला समजलं. नळीतला पिवळसर रंग आधी हिरवट झाला, मग निळा, आणि निळा गडद होत गेला. दौतीतल्या शाईसारखा.

हा रंग तिनं पूर्वी पाहिला होता. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत हाच पदार्थ त्यांना दिला होता, फक्त नाव वेगळं होतं. मिथाइल व्हायोलोजेन. रंगहीन द्रावणाला इलेक्ट्रॉन दिला की ते निळंशार होई. मग नळी हवेत हलवली की हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेई आणि निळा रंग बघता बघता नाहीसा होई. पुन्हा इलेक्ट्रॉन द्या, पुन्हा निळा. हलवा, गेला. एकटा इलेक्ट्रॉन दोन कड्यांवर कसा पसरून राहतो आणि म्हणून तो रेणू कसा टिकतो, ते सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं होतं. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं तो प्रयोग गरजेपेक्षा जास्त वेळा केला होता, केवळ रंग बघायला.

"एवढा गडद असायला नको होता," डॉ. शेंडे म्हणाले. "आणि चोवीस तास होऊन गेलेत."

"औषध?"

"उतारा नाही. आम्ही डायलिसिस करू, स्टिरॉइड देऊ, अजून दोन-तीन गोष्टी आहेत. करू सगळं. पण तुम्हाला खोटं सांगत नाही. आणि ऑक्सिजन शक्यतो लावणार नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको."

तिला सांगायला नकोच होतं. नळीत जे चाललं होतं तेच वीरेंद्रच्या छातीत चालणार होतं. फरक एवढाच की तिथं इलेक्ट्रॉन त्याच्या स्वतःच्या पेशींतून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी तिनं नागपूरच्या दोन डॉक्टरांना फोन केले. दोघांनीही डॉ. शेंडे सांगत होते तेच सांगितलं आणि पेशंटला हलवून काही मिळणार नाही असंही सांगितलं. मग ती दवाखान्याच्या व्हरांड्यात फोनवर शोधनिबंध वाचत बसली. कुठल्या एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन उचलला जातो, ऑक्सिजनला मिळाल्यावर त्याचं काय बनतं, तो पेशीच्या आवरणातले बंध कसे तोडत जातो, फुफ्फुसाच्या पेशी हे विष ओळखीचं समजून आत कसं ओढून घेतात. सगळं लिहिलेलं होतं, आकृत्यांसकट. तिला त्यातलं सगळं समजत होतं. प्रत्येक निबंधाच्या शेवटी तिला तेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत भेटत होतं, की निश्चित उपचार उपलब्ध नाही.

आणि इकडे वीरेंद्र बरा दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातले फोड थोडे ओसरले. तो पेज प्यायला. शेजारच्या खाटेवर शकुनबाई नावाच्या दम्याच्या म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांच्याशी तो गोसीखुर्द धरणातल्या मासोळीबद्दल बोलला. त्यांचं गाव धरणात गेलं होतं. फोनवर लेकीला म्हणाला, "परवा येतो. तुह्यासाठी काय आणू?" डिंपलच्या चेहऱ्यावर रंग आला. तुलाराम तर खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले आणि डॉक्टरांनाही एक कप देऊ लागले.

रुपानं चहा घेतला. किडनीचे आकडे वाढलेत, हे तिला सकाळीच कळलं होतं.

त्या दुपारी डिंपल कपडे धुवायला खाली गेली आणि तुलाराम बाकावर डुलक्या घेऊ लागले, तेव्हा वीरेंद्रनं तिला जवळ बोलावलं.

"खरं सांग. डॉक्टर मले तपासते तं डोळे मिळवत नाही. हे औषध आंत काय करून राहिलं? तू तं हेच शिकवतं ना पोरायले?"

"दादा, आराम कर."

"सांग ना वं. मले समजन."

ती स्टुलावर बसली. कुठून सुरुवात करावी हे तिला सुचेना. वर्गात ती कधी अशी अडत नसे.

"त्या औषधाच्या रेणूत दोन कडे असते, एकमेकाले जोडलेले," ती म्हणाली. "तो आपल्या पेशीतून एक इलेक्ट्रॉन उचलते. तो इलेक्ट्रॉन एका जागी बसत नाही, दोन्ही कड्यावर पसरून राहते. म्हणून रेणू मोडत नाही. त्याले तो आरामात घेऊन फिरते. मग ऑक्सिजन भेटला का त्याले देऊन टाकते."

"देऊन मोकळा?"

"हो. मोकळा. अन् परत येऊन दुसरा उचलते."

"अन् ऑक्सिजनचं काय होते?"

"तो बिघडते. एक इलेक्ट्रॉन जादा झाला ना त्याच्याकडं. मग पेशीच्या आवरणातले बंध तोडत जाते. फुफ्फुसात ऑक्सिजन सगळ्यात जास्त, म्हणून तिथं सगळ्यात जास्त."

वीरेंद्र छताकडे बघत ऐकत होता. "गवताचंबी असंच होते?"

"असंच. पानात ऊन पडलं का सुरू होते."

"म्हूनच ऊन असलं का दोन दिवसांत पिवळं पडते," तो म्हणाला. त्याला ते पटलं होतं. "अन् मंग ते औषध संपते कधी? इंजनातलं डिझेल संपलं का इंजन बंद पडते. तसं काही?"

"तसं नाही, दादा. औषध इंजन आहे. डिझेल तुहं जळते."

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं की हे आपण बोलायला नको होतं. शकुनबाईंच्या नळीतून ऑक्सिजनचा बारीक बुडबुड आवाज येत होता.

"थांबते का ते?"

"डॉक्टर करून राहिले ना सगळं. आज डायलिसिस..."

"मी इलाज नाही इचारून राहिलो. थांबते का, तेवढं इचारून राहिलो."

"नाही," रुपा म्हणाली.

त्यानं मान हलवली, बाजारात भाव ऐकल्यावर हलवावी तशी. मग म्हणाला, "डिंपलले नोको सांगू. बाबाले तं नोकोच. मी इथं असेपर्यंत तं नोको."

पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. सातव्या दिवशी जिन्याकडच्या खिडकीपर्यंत चालत जाऊन आला आणि खाटेवर बसून धापा टाकू लागला. आठव्या दिवशी बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागू लागला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा त्र्याण्णव होता, मग नव्वद झाला. खूपच खाली गेल्याशिवाय ऑक्सिजन लावायचा नाही, असं डॉक्टरांचं ठरलं होतं.

गावाकडून फोन येत होते. कुणीतरी डिंपलच्या आईला, मंदाबाईला, सांगितलं होतं की दम लागलेल्या माणसाला पहिल्यांदा ऑक्सिजन लावतात, आणि इथं लावत नाहीत म्हणजे काहीतरी गडबड आहे. डिंपल नर्सला विचारून आली. नर्स म्हणाली, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले, तुमच्या नणंदबाईंना सगळं समजावलंय.

डिंपल व्हरांड्यात रुपासमोर येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, बारीक चणीची बाई. आठ दिवसांत तिनं आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"ताई, शकुनबाईले ऑक्सिजन लावला. त्या साठ-सत्तर वर्षांच्या. अन् यायले काहून नाही?"

"वहिनी, त्यांचा रोग वेगळा आहे. दादाच्या अंगात जे औषध गेलं ना, ते ऑक्सिजनवरच चालते. जितका जास्त ऑक्सिजन, तितकं जास्त जाळते."

"हवेतबी ऑक्सिजनच हाय ना, ताई? मंग श्वासबी घेऊ द्याचा नाही का यायले?"

रुपाकडे उत्तर होतं, टक्केवारीचं होतं, पण ते या बाईसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

"तुमीच नोको म्हटलं म्हणे डॉक्टरले."

"डॉक्टरांनी ठरवलं. मी हो म्हटलं."

"तुमी लय शिकल्या," डिंपल म्हणाली. "मले त्यातलं काही समजत नाही. मले एवढंच दिसते का माह्या नवऱ्याले दम लागून राहिला अन् भिंतीत ऑक्सिजन हाय."

त्यानंतर डिंपल तिच्याशी बोलली नाही. डबा आला की रुपाचं ताट वेगळं काढून ठेवी आणि पाठ करून बसे. तुलाराम दोघींच्या मध्ये बाकावर बसून असत. एकदा ते गावी जाऊन कुठल्यातरी वैद्याची मुळी घेऊन आले आणि ती उगाळून द्यायची का, असं त्यांनी रुपाला घाबरत विचारलं. ती म्हणाली, द्या. वीरेंद्रनं ती वडिलांच्या हातून चाटली. "बरं वाटून राहिलं, बाबा," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

दहाव्या दिवशी दुपारी रुपा रिपोर्ट आणायला खाली गेली. परत आली तर वॉर्डात नर्स नव्हती, आणि डिंपल वीरेंद्रच्या उशाशी उभी होती. भिंतीवरच्या खोक्यातला मास्क तिनं काढला होता, नळी जोडली होती, शकुनबाईंच्या खाटेपाशी नर्स जसं बटण फिरवते तसं फिरवलं होतं. मास्क ती दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर दाबून धरून होती.

रुपा दोन पावलं पुढं गेली. मग तिला वीरेंद्रचा चेहरा दिसला. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या, मानेच्या शिरा आत गेल्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा तो खांदे न उचलता श्वास घेत होता. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. तिनं सांगितलेलं त्याला सगळं आठवत होतं, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. मास्कखालून त्यानं अगदी थोडी मान हलवली. राहू दे.

डिंपलला चाहूल लागली. ती वळली. "मी काढणार नाही, ताई," ती म्हणाली.

रुपा वॉर्डाच्या दाराशी गेली आणि व्हरांड्याकडे तोंड करून उभी राहिली. नर्स यायच्या वाटेवर तिनं नजर ठेवली. मागून ऑक्सिजनचा आवाज येत होता. प्रत्येक श्वासाबरोबर आत काय काय घडतंय याचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर क्रमानं येत होतं, आणि तरी आपण इथं पहारा देत उभ्या आहोत हेही तिला कळत होतं. मास्क काढला असता तर तो वाचला असता का? नाही. ठेवल्यानं तो लवकर जाईल का? कदाचित. या दोन्हींपैकी एकाही उत्तराचा तिला उपयोग नव्हता.

दहा-पंधरा मिनिटांनी नर्स आली. रुपानं तिला बोलण्यात गुंतवायचा प्रयत्न केला, पण तिला तो जमला नाही. नर्सनं धावत जाऊन मास्क काढला आणि ती दोघींना रागावली. वीरेंद्रचा श्वास पुन्हा तुटू लागला. डॉ. शेंडे आले. त्यांनी यंत्रावरचा आकडा बघितला. चौऱ्याऐंशी. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मग नर्सला म्हणाले, "लावा परत. आता लावूनच ठेवा."

बाहेर पडताना ते रुपापाशी थांबले. "आता त्यानं काही बिघडायचं राहिलं नाही," ते हळू म्हणाले. "निदान दम कमी लागेल."

हे डिंपलनं ऐकलं नाही. तिनं फक्त लावूनच ठेवा एवढं ऐकलं होतं. ती रुपाकडे आली, दोन दिवसांनी पहिल्यांदाच, आणि तिनं रुपाचा दंड धरला. "पाहा ताई, मी म्हटलं नव्हतं? तुमी रागावू नोका. आता उतार पडन." मग पदरानं चेहरा पुसून ती तुलारामांना सांगायला धावत गेली.

संध्याकाळी वीरेंद्रनं खुणेनं रुपाला वाकायला सांगितलं. मास्कमुळे आवाज नीट येत नव्हता. "तिनं केलं ते... चांगलं केलं म्हणजो तिले," तो म्हणाला. "मागून... कोणी काही बोललं तं."

"म्हणीन."

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, वीरेंद्र गेला. डिंपल त्याच्या पायांशी बसली होती. यंत्रावरची रेघ सरळ झाली तरी तिला ते कळलं नाही, ती त्याचे तळवे चोळत राहिली. तिला थांबवायचं काम रुपालाच करावं लागलं.

कायद्याप्रमाणे शवविच्छेदन झालं. दुपार टळल्यावर देह गावी आणला. तलावाच्या पाळीपलीकडे त्याला अग्नी दिला. गावातल्या बायका डिंपलजवळ बसून बोलत होत्या, आणि त्यातली एक म्हणाली की त्या ऑक्सिजननंच घात केला म्हणतात. रुपा तिथंच होती. "नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वहिनीनं केलं ते बरोबर केलं. दादाले त्यानंच सुख वाटलं." डिंपलनं मान वर केली नाही.

तेरवी झाल्यावर रुपा अड्याळला परतणार होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती शेतावर गेली. लवकर पिकणारा हलका धान कापायचा राहून गेला होता. लोंब्या खाली वाकून काही बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, दाणे गळायला लागले होते. तुलाराम धुऱ्यावर उकिडवे बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. ओलसर काळी माती दोघांच्या पायांना चिकटली होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाई, एक इचारू?"

"विचारा ना, बाबा."

"त्या टाइमले मी इथंच होतो. पलीकडच्या बांधीत. तो थुकला, मी पाह्यलं. मले वाटलं काही नाही. त्या टाइमले काही करता आलं असतं का?"

करता आलं असतं, निदान थोडंफार. तिनं पहिल्याच दिवशी ते वाचलं होतं. त्या विषाचा रेणू दोन धन भार घेऊन फिरतो आणि मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. चिकण माती भेटली की तो तिला असा घट्ट बसतो की पुन्हा सुटत नाही. म्हणून तर शेतात फवारलेलं औषध जमिनीवर पडताच निकामी होतं. जिथं काही जवळ नसेल तिथं त्या घडीला माती कालवून पोटात गेली तरी काही विष अडतं, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. डॉ. शेंड्यांना तिनं विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, पहिल्या तासात कदाचित, सांगता येत नाही.

तुलाराम तिच्याकडे बघत होते. त्यांचे तळवे त्याच मातीवर टेकलेले होते.

"नाही, बाबा," रुपा म्हणाली. "काहीच करता आलं नसतं."

"काहीच?"

"काहीच नाही. मोठ्या डॉक्टरच्या हातातबी नव्हतं."

त्यांचा विश्वास बसला की नाही, हे तिला ओळखता आलं नाही. तलावाकडून ताराचंद आणि त्याची बायको आनंदाबाई विळे घेऊन येत होते. बाटली त्याच्यासाठी भरली होती हे ताराचंदला कळलं होतं, आणि तेरा दिवस तो यांच्या अंगणात पाय ठेवू शकला नव्हता. तो थोडा दूरच थांबला. तुलाराम त्याच्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि म्हणाले, "तिकडून धर, ताराचंद. तिकडचा जास्त गळून राहिला."

ताराचंद त्या बाजूला गेला. चौघंही बांधीत उतरले. रुपानं कित्येक वर्षांत विळा धरला नव्हता. पहिल्याच पेंढीला तिच्या बोटाला कापलं, तिनं ते तोंडात धरलं, आणि पुढची पेंढी हातात घेतली.